मदतीचा जमाखर्च : प्रस्तावना

युद्ध, भूकंप, दुष्काळ किंवा राज्यसत्तेची पडझड यांमुळे ज्यांचे अन्न, निवारा आणि औषधपाणी तुटते अशा लोकांपर्यंत आधार पोहोचवण्याच्या संघटित कार्याला मानवतावादी मदत म्हणतात, आणि हे कार्य एखाद्या देशात चालवण्यासाठी आंतरराष्ट्रीय संस्था तेथे जे मुख्य ठाणे उभारते त्याला देश-कार्यालय ही संज्ञा आहे. या कार्यालयात डॉक्टर, पाणीपुरवठ्याचे अभियंते, पोषणतज्ज्ञ आणि वाटप पाहणारे कार्यकर्ते असतात. छायाचित्रांत तेच दिसतात आणि वाचकाच्या मनातले मदतीचे चित्रही त्यांच्यावरूनच तयार होते. त्याच इमारतीत, बहुधा तिजोरीच्या खोलीला लागून, आणखी एक विभाग असतो, जो पैसे आणतो, मोजतो, दरपत्रके मागवतो, पगार काढतो, गाड्यांची लॉगबुके तपासतो, गोदामांचे भाडेकरार करतो आणि महिनाअखेरीस प्रत्येक नोंद पावतीशी जुळवून पाहतो. वित्त व प्रशासन हे त्या विभागाचे नाव, आणि तोच प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. पुढील सर्व प्रकरणांमागे एकच भूमिका आहे : संकटात सापडलेल्या माणसाच्या नावाने घेतलेला पैसा त्याच्यापर्यंत पोहोचला की नाही याचे उत्तर देण्याचे बंधन मदतीच्या वचनातच अंतर्भूत आहे, आणि ते उत्तर जेवढे निधी देणाऱ्याला द्यायचे तेवढेच ज्याच्या नावाने निधी आला त्यालाही द्यायचे असते.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने १९ डिसेंबर १९९१ रोजी संमत केलेल्या ४६/१८२ क्रमांकाच्या ठरावात मानवता, तटस्थता आणि निःपक्षपात ही मदतकार्याची तत्त्वे नमूद केली आणि पुढे त्यांत स्वातंत्र्याची भर पडली. ही तत्त्वे वाचताना ती नीतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातली वाटतात. त्यांची खरी कसोटी मात्र कार्यालयाच्या साध्यासुध्या कागदांत लागते. धान्य वाहून नेण्यासाठी ट्रक भाड्याने घ्यायचे असतील आणि सर्वांत कमी दर एखाद्या स्थानिक सेनानीच्या भावाचा असेल, तर त्या दरपत्रकावर सही करताना खरेदी-समिती तटस्थतेविषयीच निर्णय घेत असते. गोदाम कोणाच्या वाड्यात घेतले, पहारेकरी कोणाच्या शिफारशीने नेमले, यादीतली नावे कोणी सुचवली, या प्रश्नांची उत्तरे भाडेकरारात, नेमणूक-पत्रांत आणि वाटपपत्रकांत सापडतात. म्हणून हे कागद नीट ठेवणे हे तत्त्वपालनाचेच काम आहे, आणि जो अधिकारी ते ठेवतो त्याला संस्थेच्या ध्येयधोरणांची जाण कार्यक्रम-अधिकाऱ्याइतकीच असावी लागते.

पैशाचा प्रवास थोडक्यात समजून घेतला तर पुढील विवेचन सोपे जाईल. निधी देणारी सरकारे, युरोपीय संघासारखे संघ, संयुक्त राष्ट्रसंघाच्या यंत्रणा किंवा सामान्य नागरिक जो पैसा देतात तो बहुतेक वेळा बांधील असतो. म्हणजे अमुक जिल्ह्यांत, अमुक काळात, अमुक कामासाठीच तो खर्च करता येतो आणि ही बंधने अनुदान-करारात लिहिलेली असतात. त्या करारासोबत अंदाजपत्रक जोडलेले असते, त्यातल्या प्रत्येक ओळीला शीर्ष म्हणतात, आणि एका शीर्षातील रक्कम दुसऱ्यात वळवायची झाल्यास ठरलेल्या मर्यादेपलीकडे लेखी मंजुरी लागते. एकाच कार्यालयाकडे एकाच वेळी दहा-पंधरा अनुदाने असू शकतात, त्यांचा आरंभ आणि शेवट वेगवेगळ्या तारखांना होतो, आणि कार्यालयाचे भाडे, वीज, इंटरनेट, चालकांचे पगार यांसारखे सामाईक खर्च त्या सर्वांवर न्याय्य प्रमाणात वाटून द्यावे लागतात. खर्च झाल्यावर अहवाल जातो, अहवालानंतर लेखापरीक्षण होते आणि परीक्षकाला जो खर्च कराराबाहेरचा किंवा पुराव्याविना वाटतो तो अमान्य ठरतो. अमान्य ठरलेली रक्कम संस्थेला स्वतःच्या गंगाजळीतून परत करावी लागते. धान्य खरोखर वाटले गेले असले तरी त्याचा कागद नसेल तर हिशेबाच्या दृष्टीने ते वाटलेच गेलेले नसते, हा या व्यवसायातला सर्वांत कठोर नियम आहे.

या सर्व व्यवहाराचे विवेचन हवेत राहू नये म्हणून प्रस्तुत ग्रंथात अफगाणिस्तान हे मुख्य उदाहरण घेतले आहे. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल तालिबानच्या ताब्यात गेले त्या वेळी देशाच्या सार्वजनिक खर्चाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग परदेशी अनुदानांवर चालत होता. ती अनुदाने थांबली, मध्यवर्ती बँकेची परदेशांतली सुमारे ९ अब्ज डॉलरांची गंगाजळी गोठवली गेली, जिच्यातले सुमारे ७ अब्ज अमेरिकेत होते, आणि देशातल्या बँकांपाशी रोकड उरली नाही. ठेवीदाराला स्वतःच्या खात्यातून आठवड्याला २०० डॉलरांच्या आसपासच रक्कम काढता येईल असे बंधन आले, आणि संस्थांच्या खात्यांवरही मर्यादा पडल्या. अफगाणीच्या नोटा परदेशांत छापल्या जात असल्यामुळे नव्या नोटांचा पुरवठाही अडखळला, आणि चिकटपट्टीने जोडलेल्या फाटक्या नोटाच हातोहात फिरत राहिल्या. ज्या हिवाळ्यात मदतीची गरज सर्वांत तीव्र होती, त्याच हिवाळ्यात मदतसंस्थांपाशी बँकेत पैसा होता आणि हातात नव्हता. हिशेबनीसाचे काम एरवी पडद्याआड राहते. त्या काही महिन्यांत मदत पोहोचणार की नाही हे त्याच्याच टेबलावर ठरत होते.

या कोंडीतून दोन वाटा निघाल्या. पहिली वाट हवाई होती : डिसेंबर २०२१ पासून संयुक्त राष्ट्रसंघाने डॉलरच्या नोटा विमानाने काबूलला आणण्यास सुरुवात केली आणि पुढील सुमारे वर्षभरात अशा खेपांतून १.८ अब्ज डॉलरांच्या आसपास रोकड देशात आली. ही रोकड संघाच्या विविध यंत्रणांच्या आणि काही मान्यताप्राप्त संस्थांच्या खात्यांत जमा होत असे. दुसरी वाट जुनी, जमिनीवरची आणि मराठी वाचकाला ओळखीची आहे. काबूलच्या जुन्या भागात नदीकाठी सराय शहजादा नावाची पेढ्यांची बाजारपेठ आहे आणि तेथील सराफ हवाला-पद्धतीने पैसा प्रांतोप्रांती पोहोचवतात. संस्था देशाबाहेरच्या एखाद्या खात्यात डॉलर भरते, सराफाचा आडत्या हेरात, कंदाहार किंवा फैजाबाद येथे तेवढी रोकड सांकेतिक क्रमांक पटवून संस्थेच्या माणसाला देतो, आणि दोन पेढ्यांमधला देण्याघेण्याचा ताळमेळ मागाहून मालाच्या व्यापारातून किंवा उलट दिशेच्या हवाल्यांतून बसतो. पैसा जागचा हलत नाही, हलतो तो शब्द. पेशवाईत पुण्याहून दूरदूरच्या पेठांवर ज्या हुंड्या लिहिल्या जात त्यांचा व्यवहारही याच विश्वासावर उभा होता.

आजच्या लेखापरीक्षकाला मात्र विश्वास पुरत नाही. हवाल्याने पैसा पाठवायचा असेल तर पेढीचा परवाना, तिच्या मालकांची ओळख, त्यांची नावे निर्बंध-याद्यांत नसल्याची पडताळणी, किमान तीन पेढ्यांचे कमिशनचे दर, दिवसाचा विनिमय दर, रक्कम मिळाल्याची पावती आणि ती घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत, एवढा पुडका प्रत्येक व्यवहाराला जोडावा लागतो. त्याशिवाय अलिखित काळजी घ्यावी लागते ती वेगळीच : एकाच पेढीवर सारा भार टाकायचा नाही, रक्कम एका वेळी मोठी पाठवायची नाही, आणि रोकड कोणत्या दिवशी येणार हे ज्यांना माहीत असणे आवश्यक आहे त्यांच्यापलीकडे कोणाला कळू द्यायचे नाही, कारण ज्या माणसाला ती पेढीवरून कार्यालयापर्यंत आणायची असते त्याचा जीव त्या गुप्ततेवर अवलंबून असतो. रोख व्यवस्थापनाच्या प्रकरणात तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांपाशी ठेवण्यापासून रोज संध्याकाळी नोटांची मूल्यवार मोजणी करून दोघांच्या सह्या घेण्यापर्यंतच्या पद्धती सविस्तर दिल्या आहेत, आणि त्या प्रत्येक पद्धतीमागे पैशाइतकेच माणसाचेही रक्षण आहे.

निर्बंधांचा प्रश्न याहून अवघड आहे. सुरक्षा परिषदेने २०११ सालच्या १९८८ क्रमांकाच्या ठरावाने तालिबानशी संबंधित व्यक्तींवर आर्थिक निर्बंधांची स्वतंत्र व्यवस्था केली होती, आणि २०२१ नंतर त्यांतल्याच काही व्यक्ती मंत्रालयांच्या प्रमुखपदी बसल्या. मग नोकरांच्या पगारातून कापलेला प्राप्तिकर सरकारी खजिन्यात भरणे, सीमेवर जकात देणे, रुग्णालयाच्या विजेचे बिल चुकते करणे हेही निर्बंधभंग ठरेल काय, अशी भीती परदेशी बँकांना वाटू लागली आणि त्यांनी मदतीचे व्यवहारच अडवून धरले. या प्रकाराला अतिअनुपालन म्हणतात, म्हणजे कायदा जेवढे मना करतो त्याहून जास्त टाळणे. अमेरिकेच्या अर्थखात्याने सप्टेंबर २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सामान्य परवाने काढले; सुरक्षा परिषदेने २२ डिसेंबर २०२१ रोजी २६१५ क्रमांकाच्या ठरावाने अफगाणिस्तानातील मानवतावादी मदतीला या निर्बंधांतून वगळले; आणि ९ डिसेंबर २०२२ च्या २६६४ क्रमांकाच्या ठरावाने अशी सवलत संघाच्या मालमत्ता गोठवणाऱ्या सर्वच निर्बंधांना लागू केली. ठराव न्यूयॉर्कमध्ये झाले तरी एखाद्या युरोपीय शहरातल्या बँकेचा अधिकारी ते वाचेपर्यंत आणि त्याचा विधी-विभाग ते मान्य करेपर्यंत काबूलमधल्या वित्त-अधिकाऱ्याला पत्रामागून पत्र लिहीत बसावे लागते. आंतरराष्ट्रीय कायदा आणि दैनंदिन बँक-व्यवहार यांच्यातील हे अंतर भरून काढणे हे त्याचे एक प्रमुख काम आहे.

हिशेबातील एखाद्या ओळीचा माणसांशी किती सरळ संबंध असतो हे विनिमय दराच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. ऑगस्ट २०२१ पूर्वी डॉलरला ८० अफगाणींच्या आसपास असलेला दर त्याच वर्षीच्या डिसेंबरात १२० च्याही पलीकडे गेला, आणि नंतर अफगाणी सावरत सावरत २०२३ च्या अखेरीस ७० च्या आसपास आली. समजा, एका संस्थेने डॉलरला १०० अफगाणी हा दर धरून १ लाख डॉलरांचे अंदाजपत्रक केले आणि प्रत्येक कुटुंबाला १० हजार अफगाणी रोख देण्याचे ठरवले; तर त्या पैशात १००० कुटुंबे बसतात. वाटपाच्या दिवशी दर ७० असेल तर त्याच १ लाख डॉलरांचे ७० लाख अफगाणी होतात आणि कुटुंबे उरतात ७००. चोरी झालेली नाही, चूक झालेली नाही, तरीही ३०० कुटुंबांची नावे यादीतून वगळावी लागतात, आणि त्यांना ते सांगण्याचे काम अंदाजपत्रक करणाऱ्याच्या वाट्याला येत नाही, ते येते गावात उभ्या असलेल्या कार्यकर्त्याच्या वाट्याला. म्हणून दर महिन्याला होणारी खर्चाची तुलना, जिला फरक-अहवाल म्हणतात, ती शेवटच्या महिन्यात उरकण्याचा उपचार मानू नये; दर हलू लागताच निधीदात्याशी बोलणी सुरू करणे, वाढीव रक्कम मागणे किंवा टप्पे बदलणे या गोष्टी वेळेवर झाल्या तर त्या ३०० पैकी पुष्कळ नावे वाचू शकतात.

कागदाच्या शिस्तीचे दुसरे उदाहरण तारखेचे आहे. अफगाणिस्तानात व्यवहारात रुळलेले सौर वर्ष २१ मार्चच्या सुमारास सुरू होते आणि त्याच्या महिन्यांची नावे राशींची आहेत : हमल म्हणजे मेष, सौर म्हणजे वृषभ, जौझा म्हणजे मिथुन. भारताच्या राष्ट्रीय सौर दिनदर्शिकेतला चैत्रही याच सुमारास सुरू होत असल्यामुळे मराठी वाचकाला ही गणना परकी वाटू नये. दुकानदार बिलावर दारी भाषेत २५ कौस १४०१ अशी तारीख घालतो, ती इंग्रजी दिनदर्शिकेनुसार १६ डिसेंबर २०२२ होते. अनुदान-करार १५ डिसेंबरला संपत असेल तर रुग्णालयाच्या शेगडीसाठी घेतलेल्या लाकडांचे ते बिल एका दिवसाने कराराबाहेर जाते आणि अमान्य ठरू शकते. व्हाउचरवर दोन्ही तारखा लिहिणे, बिलाच्या मजकुराचा अनुवाद जोडणे, करार संपण्याच्या महिनाभर आधी सर्व पुरवठादारांची उधारी मिटवणे या गोष्टी क्षुल्लक दिसतात. त्यांच्याअभावी जो पैसा परत जातो तो मात्र क्षुल्लक नसतो.

येथे मराठी परंपरेशी असलेला एक खरा धागा नोंदवणे योग्य होईल. काबूलच्या कार्यालयातला स्थानिक लेखापाल दारी भाषेत बोलू लागला की हिसाब, दफ्तर, हवाला, सराफ, तारीख, जमा, बाकी, खजाना हे शब्द मराठी कानाला थेट समजतात, कारण मराठ्यांच्या राज्यकारभाराची परिभाषा फारसीतूनच घडली होती आणि शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश सिद्ध करवून घेतल्यानंतरही त्यांतले पुष्कळ शब्द जमाखर्चाच्या वहीत टिकून राहिले. शब्दांबरोबर एक पद्धतही टिकली. दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, जामदार आणि पोतनीस अशा दरकदारांमध्ये कारभार वाटून दिलेला असे. हिशेब तपासणारा वेगळा, नोंद करणारा वेगळा आणि रोकड सांभाळणारा वेगळा, आणि मामलेदाराला या दरकदारांना आपल्या मर्जीने काढून टाकता येत नसे. आधुनिक लेखाशास्त्र ज्याला कर्तव्यविभाजन म्हणते, म्हणजे मागणी करणारा, मंजुरी देणारा, पैसे देणारा आणि नोंद करणारा हे एकच नसावेत हा नियम, त्याचे मर्म या व्यवस्थेत स्पष्ट दिसते. दुर्गम प्रांतातल्या उपकार्यालयात चारच माणसे असतात तेव्हा हा नियम पाळणे कठीण जाते. अशा वेळी मंजुरी काबूलहून घेणे, अनपेक्षित रोख-तपासणी करणे आणि एका व्यक्तीला सक्तीने रजेवर पाठवून तिचे काम दुसऱ्याकडून करून घेणे असे पर्याय वापरले जातात.

वित्ताच्या जोडीला असलेले प्रशासन म्हणजे माणसे, वाहने, इमारती, करार आणि सुरक्षितता यांची व्यवस्था. अफगाणिस्तानात ३४ प्रांत आहेत, घोर, दायकुंदी आणि बदख्शान यांसारख्या डोंगराळ प्रांतांतले पुष्कळ रस्ते हिवाळ्यात बर्फाने बंद होतात, आणि म्हणून तेथील धान्य, कांबळी व इंधन बर्फ पडण्यापूर्वीच गोदामांत पोहोचवावे लागते. याचा प्रशासकीय अर्थ असा की खरेदीची निविदा उन्हाळ्यात निघाली पाहिजे, आणि निधी शरद ऋतूत मंजूर होणार असेल तर त्याआधीचा खर्च कोणाच्या भरवशावर करायचा याचा निर्णय कोणीतरी अंगावर घेतला पाहिजे. संस्थेच्या मुख्यालयाने अशा वेळी स्वतःच्या निधीतून उचल दिली तर माल वेळेवर पोहोचतो. दिली नाही तर कागद निर्दोष राहतात आणि घाट बंद होतो.

माणसांच्या बाबतीत २४ डिसेंबर २०२२ हा दिवस या क्षेत्राच्या इतिहासात कायमचा नोंदला गेला आहे. त्या दिवशी तालिबानच्या अर्थव्यवहार मंत्रालयाने बिगरसरकारी संस्थांना अफगाण महिला कर्मचाऱ्यांना कामावर येऊ न देण्याचा आदेश दिला आणि एप्रिल २०२३ मध्ये ही बंदी संयुक्त राष्ट्रसंघाच्या अफगाण महिला कर्मचाऱ्यांपर्यंत वाढवण्यात आली. घरातल्या स्त्रीशी बोलायला स्त्रीच जाऊ शकते अशा समाजात या आदेशाने विधवा आणि कर्त्या पुरुषाविना असलेली कुटुंबे मदतीच्या यादीतूनच नाहीशी होण्याचा धोका उभा राहिला. वित्त व प्रशासन विभागासमोर त्याच आठवड्यात अत्यंत व्यावहारिक प्रश्न आले : घरी बसवलेल्या सहकारिणींचा पगार कोणत्या शीर्षातून द्यायचा, त्यांची हजेरी कशी नोंदवायची, घरून काम करण्यासाठी संगणक आणि इंटरनेटचा खर्च मंजूर होईल काय, आणि मुदत संपत आलेले नेमणूक-करार वाढवायचे की नाहीत. या प्रश्नांची उत्तरे नियमपुस्तिकेत नव्हती. ज्या कार्यालयांनी पगार चालू ठेवून निधीदात्यांना त्याची कारणे लेखी कळवली, त्यांनी हजेरीपटाच्या एका रकान्यातून एक नैतिक भूमिका घेतली, आणि प्रशासन हे मूल्यनिरपेक्ष असते हा समज किती अपुरा आहे हे त्यातून दिसून आले.

पैशाबरोबर जोखीमही प्रवास करते, आणि ती नेहमी उताराच्या दिशेने वाहते. निधीदाता आपली जोखीम करारातून आंतरराष्ट्रीय संस्थेवर टाकतो, ती संस्था पोट-करारातून स्थानिक अफगाण संस्थेवर टाकते, आणि स्थानिक संस्थेला ती टाकायला पुढे कोणी उरत नाही. वाटेत एखादा ट्रक अडवला गेला, माल हिसकावला गेला, तर नुकसान बहुधा तिच्याच माथी येते, आणि तिच्यापाशी ते सोसण्याइतकी गंगाजळी नसते. अप्रत्यक्ष खर्चाच्या प्रश्नाचे मूळही येथेच आहे. लेखापाल, लेखापरीक्षण, सुरक्षा, मुख्य कार्यालय असे जे खर्च एका प्रकल्पाला चिकटवता येत नाहीत, त्यांच्यासाठी अनुदानाच्या ठरावीक टक्केवारीने रक्कम दिली जाते. युरोपीय संघाच्या मानवतावादी निधीत आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या देशपातळीवरील सामाईक निधीत ती साधारणपणे ७ टक्के असते. हे टक्के स्थानिक संस्थेपर्यंत पोहोचले नाहीत तर तिच्याकडून उत्तम हिशेबाची अपेक्षा करायची आणि हिशेबनीस ठेवण्याचे पैसे द्यायचे नाहीत, असा अन्याय घडतो. मे २०१६ मध्ये इस्तंबूलच्या जागतिक परिषदेत झालेल्या ग्रँड बार्गेन या करारात निधीचा २५ टक्के हिस्सा शक्य तितक्या थेटपणे स्थानिक संस्थांना देण्याचे ठरले होते आणि त्यासाठी २०२० ची मुदत होती. ते उद्दिष्ट गाठले गेले नाही. त्यामागे राजकीय इच्छाशक्तीचा अभाव आहेच, पण लहान संस्थांना न पेलणाऱ्या लेखा-अटींचाही वाटा मोठा आहे, आणि तो भाग दुरुस्त करणे वित्त-अधिकाऱ्यांच्या हातात आहे.

निधीच्या ओहोटीचा विचारही आता टाळता येत नाही. अफगाणिस्तानसाठी २०२२ साली ४.४४ अब्ज डॉलरांचे मदत-आवाहन करण्यात आले होते, २०२५ चे आवाहन २.४२ अब्जांवर आले. त्यातच जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत स्थगित केली आणि १ जुलै २०२५ पासून त्या देशाच्या यूएसएड या मदतयंत्रणेचे काम थांबले. अनुदान अचानक रद्द होते तेव्हा पहिला घाला प्रशासनावर येतो : नोटिशीच्या काळाचा पगार, गोदामाचे उरलेले भाडे, पुरवठादारांची देणी, अर्धवट बांधलेली विहीर, गोदामातली औषधे. कार्यालय उघडण्याची पद्धत पुष्कळांना माहीत असते, सन्मानाने बंद करण्याची फार थोड्यांना. जडवस्तूंची नोंदवही तपासून मालमत्ता स्थानिक संस्थेकडे रीतसर सोपवणे, प्रत्येक कर्मचाऱ्याला त्याचा पूर्ण हिशेब आणि अनुभवपत्र देणे, आणि करारात ठरलेली वर्षे कागदपत्रे जपून ठेवणे या गोष्टींसाठी एक स्वतंत्र प्रकरण राखून ठेवले आहे.

शेवटी पुन्हा आरंभीच्या भूमिकेकडे यावे लागते. मराठी समाजाला या प्रश्नाची जाण नवी नाही. १९७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्रात रोजगार हमीची कल्पना बळावली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. तेव्हापासून खडी फोडणाऱ्या मजुराचे नाव हजेरीपटावर आहे की नाही, आणि असलेच तर त्यापुढचा अंगठा त्याचाच आहे की नाही, हा गावोगावच्या चर्चेचा विषय राहिला आहे. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनावण्या घेऊन सरकारी कामांचे हिशेब गावासमोर मोठ्याने वाचून दाखवले, आणि सामाजिक अंकेक्षणाची, म्हणजे लाभार्थ्यांनीच खर्च तपासण्याची, रीत पुढे २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात आली. या अनुभवातून निघणारा धडा असा की वही ज्याच्यासाठी लिहिली जाते त्याच्याच प्रश्नांची उत्तरे तीत सापडतात. परीक्षकासाठी लिहिलेल्या वहीत परीक्षकाच्या शंका फिटतात. गावासाठी ती वाचून दाखवायची असेल तर ती मुळापासून वेगळ्या रीतीने लिहावी लागते.

देश-कार्यालयातले वाटपपत्रक या दृष्टीने पुन्हा वाचून पाहावे. त्यात अनुक्रमांक असतो, कुटुंबप्रमुखाचे आणि त्याच्या वडिलांचे नाव असते, गाव, ओळखपत्राचा क्रमांक, कुटुंबातली माणसे आणि दिलेली रक्कम असते, आणि शेवटच्या रकान्यात निळ्या शाईचा अंगठा असतो. तो अंगठा म्हणजे घेणाऱ्याने संस्थेला दिलेली पावती. त्याच्यामागे सरपणाच्या बिलापासून हवाल्याच्या पावतीपर्यंत जेवढे कागद रचलेले असतात ते सगळे संस्थेला निधीदात्यापुढे निर्दोष ठरवण्यासाठी असतात. घेणाऱ्याच्या हाती दिलेला एकमेव कागद म्हणजे वाटपाचे टोकन, आणि तेही बहुधा वाटपाच्या टेबलावरच परत घेतले जाते. त्याला किती मिळायचे ठरले होते, कोणत्या निकषाने त्याचे नाव आले, कमी मिळाले तर कोणाकडे दाद मागायची, हे सांगणारा एकही कागद घेऊन तो घरी जात नाही. पुढील प्रकरणांत रोकड, खरेदी, पगार, ताळमेळ आणि लेखापरीक्षण यांविषयी जे काही सांगितले आहे त्याचा शेवट म्हणून एक छोटी सूचना केली आहे : प्रत्येक वाटपात, घेणाऱ्याच्या भाषेत आणि वाचता न येणाऱ्यासाठी चिन्हांत, ठरलेली रक्कम व तक्रारीचा मार्ग नोंदवलेली एक चिठ्ठी त्याच्यापाशी राहू द्यावी, आणि त्या चिठ्ठीच्या छपाईची ओळ अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरावी. खर्चाच्या मानाने ती ओळ सर्वांत लहान असेल. तिच्यामुळे अंगठा देणाऱ्यालाही हिशेब विचारता येईल.